फुलांचीं छायाचित्रें व त्यांचें परीक्षण

फुलाच्या छायाचित्राची पोकळ स्तुति केल्यानें हौशी विद्यार्थी आहे तेथेंच राहतो. उपहास केल्यानें तो कॅमेराच खालीं ठेवतो. म्हणून परीक्षकानें दोषाबरोबर त्याचें कारण व उपायही सांगावा. जास्वंदीचें चित्र अगदीं जवळून घेतलें असतां पुढें आलेला केसरांचा दांडा स्पष्ट उमटतो, पण पाकळ्या अस्पष्ट राहतात. भिंगाचें छिद्र ४ च्या खुणेवरून ११ च्या खुणेवर आणून लहान केल्यास पाकळ्याही अधिक स्पष्ट येतात. मात्र प्रकाशास सुमारें ८ पट वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्यांत वाऱ्यानें फूल हालतें. यास्तव वारा पडलेला असतांना चित्र घ्यावें. ज्याचें चित्र असेल त्यानें समर्थन करीत न बसतां हें शांतपणें ऐकावें, व दुसऱ्या दिवशीं त्याच झाडापाशीं जाऊन उपाय करून पाहावा. सूचना योग्य होती कीं नाहीं, हें तें नवें चित्रच दोघांनाही सांगेल.