कागदावरचें वजन

"कागदावर वजन ठेवणें" या शब्दप्रयोगाला कचेऱ्यांतून जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. आज आम्हांस ज्या वजनाविषयीं लिहावयाचें आहे, तें मात्र अगदीं निरुपद्रवी आहे. कागद उडूं नये म्हणून मेजावर जी जड वस्तु ठेवितात व जिला आपण सर्रास पेपरवेट म्हणतों, ती भेट द्यावयाची झाल्यास कशी निवडावी, हा आमचा विषय. विषय क्षुल्लक खरा. परंतु साठी उलटल्यावर आम्हांस या क्षुल्लक वस्तूनेंच एक धडा शिकविला.

आमच्या वडील बंधूंची नात पुण्यास चिनी भाषा शिकते. गेल्या वर्षीं ती परीक्षेंत उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली, तेव्हां तिला काय द्यावें यावर घरांत खल झाला. वहिनींचें मत हिमरू शालीकडे, तर पुतण्याचें रोख रकमेकडे. ती कुंचल्यानें चिनी अक्षरें गिरविते हें ऐकून आम्हीं बिदरी कामाचा वाटोळा पेपरवेट सुचविला आणि वडीलकीच्या जोरावर तोच मंजूर करून घेतला.

बिदर व आमचें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, हीं दोन्ही शहरें १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतीं, आणि बिदरी काम आमच्याकडेहि होत आलें आहे. जस्तांत थोडें तांबें मिसळून वस्तु ओततात, तिच्यावर नक्षी कोरतात व कोरलेल्या खांचेंत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटीं बिदरच्या किल्ल्यांतील माती व नवसागर यांचा लेप देतात. त्यानें जस्त काळेंभोर होतें, चांदी मात्र शुभ्रच राहते. रात्रीच्या आकाशांत चांदणें फुलावें, तशी ती वस्तु दिसते. आम्ही आपल्या निवडीवर बेहद्द खुष होतों.

दिवाळीच्या सुटींत नात आली. ओसरीवर तिनें लोकरीचें जाड कापड अंथरलें, त्यावर पातळ, मऊ चिनी कागद पसरला आणि मधोमध आमचा पेपरवेट ठेविला. कुंचला शाईनें भिजून कागदाला लागतांच कागद त्याच्याबरोबर सरकूं लागला, आणि वरचीं दोन्ही टोकें पंख्याच्या वाऱ्यानें उचललीं गेलीं. पोर गुणी, भीत भीत म्हणाली, "आजोबा, हा फार सुंदर आहे. पण हा मेजावर शोभेला ठेवूं का?"

मग तिनेंच आम्हांस सांगितलें. चीनमध्यें या वस्तूच्या नांवाचाच अर्थ कागदाला दाबून शांत ठेवणारी असा आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, हान राजवंशाच्या काळांत, लोक चटयांवर बसत व चटईचे कोपरे वळूं नयेत म्हणून त्यांवर कांशाचे वाघ, अस्वलें, हरिणें ठेवीत. पुढें खुर्च्या-मेजें रूढ झालीं, तसे असे छोटे प्राणी लिहिणाराच्या मेजावर आले. कुंचल्याच्या लेखनासाठीं मात्र पट्टीसारखीं लांबट वजनें अधिक सोईचीं. तीं पितळेचीं, कठीण लाकडाचीं किंवा दगडाचीं असतात, बहुधा जोडीनें येतात, आणि दोहोंवर पद्याची एकेक ओळ कोरलेली असते. आपण आहेर अकरा किंवा एकवीस रुपयांचा देतों. तिकडे शुभ गोष्ट जोडीनें यावी असें मानतात.

हें ऐकतांना आम्हांस आमचे तीर्थरूप आठवले. त्यांच्या पोथीचीं पानें सुटीं होतीं. वैशाखांतील एका दुपारीं त्यांनीं आम्हांस "पान धरून बैस" म्हणून सांगितलें. आम्ही अकरा वर्षांचे, पतंग पाहण्यास उठलों, आणि पान उडालें तें कायमचें. वडील रागावले नाहींत. त्यांनीं तें पान मुखोद्गत म्हटलें व आमच्याकडून बोरूनें लिहवून घेतलें. त्यानंतर पैठणहून गोदावरीच्या पात्रांतला एक लांबट, चपटा दगड आणून ते पानाच्या वरच्या कडेवर आडवा ठेवीत. त्याखालीं एकहि ओळ झांकली जात नसे. म्हणजे जी गोष्ट नातीनें सांगितली, ती आम्हीं बालपणींच पाहिली होती. चांदीच्या झळाळीपुढें तिचा विसर पडला, इतकेंच.

मग आम्हीं कासाराकडून पितळेच्या दोन पट्ट्या करविल्या. आठ इंच लांब, सव्वा इंच रुंद व सुमारें तीन-अष्टमांश इंच जाड अशी पट्टी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. कडा गोल घासून घेतल्या, कारण तीक्ष्ण कड पातळ कागद फाडते. तळाला बनात चिकटविली, म्हणजे मेजावर ओरखडा उठत नाहीं. लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसें एकीवर नातीचें नांव व दुसरीवर तिथि घातली. "नांव घातलेलें भांडें कोणी नेत नाहीं," असें म्हणून वहिनींनींहि संमति दिली.

तेव्हां भेट देणारांस आमची सूचना एवढीच, कीं दुकानांत जाण्यापूर्वीं घेणाराचे कागद पाहावे. चिठ्ठ्या, बिलें, पत्रें सांभाळणाराला वाटोळें वजन उत्तम. मोठा कागद पसरून लिहिणाराला किंवा चित्रें काढणाराला पट्ट्यांची जोडी द्यावी. जड ग्रंथ उघडा ठेवून वाचणाराला तर लांबट वजनच उपयोगी. वस्तु एका हातानें सहज उचलतां यावी आणि घरांत लहान मूल असल्यास ती मेजाच्या कडेला नसावी. बिदरी वस्तु दिल्यास ती चिंच-राखेनें घासूं नये, मऊ कापडानें पुसावी, असेंही सांगून ठेवावें. आमच्या घरीं एकदां ती घासली गेली, आणि काळा रंग राखेसारखा फिका पडला.

तो बिदरी पेपरवेट आतां आमच्याच मेजावर विजेच्या बिलांवर बसला आहे. गोदावरीचा दगड पोथीवर आहे, आणि पोथींत ते एक पान वांकड्या, बालबोध अक्षराचें आहे. नातीनें तें पाहिलें व विचारलें, "हें कोणाचें अक्षर?" आम्हीं तिला खरें तें सांगितलें.