सीडीच्या कप्प्यात दुसरी हार्ड डिस्क

ज्यांच्याकडे ग्रामसंघाचा लॅपटॉप आहे त्यांनी तो ऐकता ऐकता समोर घ्या, बंदच असू द्या. त्याच्या उजव्या नाहीतर डाव्या कडेला एक लांबट पट्टी दिसेल. तिच्यावर छोटं बटण आणि सुई जाईल एवढं भोक असतं. हा सीडी-डीव्हीडीचा कप्पा. शेवटची सीडी त्यात कधी घातली, आठवतंय का? बहुतेकींना नाही आठवणार. नव्या लॅपटॉपमध्ये हा कप्पा आता क्वचितच येतो. पण आपल्याकडचे लॅपटॉप जुने. कुणाला प्रकल्पातून मिळालेला, कुणी गटाच्या पैशातून वापरलेला घेतलेला. त्या सगळ्यांत तो कप्पा रिकामा पडून आहे, आणि दुसरीकडे "ताई, लॅपटॉप भरला" हे गाऱ्हाणं दर बैठकीत आहे.

तर आज बोलायचं आहे ते या कप्प्यातली ड्राइव्ह काढून तिथे दुसरी हार्ड डिस्क बसवण्याविषयी. काम अर्ध्या तासाचं आहे. घर तेच, माळा मोकळा करून तिथे दुसरं कपाट ठेवायचं, एवढंच.

आधी हिशेब बघू. एका सीडीत ७०० एमबी मावतं, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. ५०० जीबीची हार्ड डिस्क म्हणजे शंभराहून जास्त डीव्हीडी. मग एवढी जागा भरते कशाने? हिशेबाच्या फायलींनी नाही, त्या अगदी हलक्या असतात. दहा ते वीस बायकांचा एक गट, असे पंधरा-वीस गट, प्रत्येकीचं आधार, पासबुक, कर्जाचा अर्ज, ठराव, असे सगळे कागद स्कॅन केले तरी डिस्क भरत नाही. भरते ती मोबाईलवरून उतरवलेल्या व्हिडिओंनी. मेळाव्याचे, हळदीकुंकवाचे, आणि कुणाच्या तरी मुलाने ठेवलेल्या सिनेमांनी. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ डाऊनलोडचं फोल्डर आणि व्हिडिओ तपासा. कित्येकींचं काम तिथेच भागतं.

आता दुसरी गोष्ट. लॅपटॉप भरणं आणि लॅपटॉप मंद होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधंही वेगळी. साध्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच चकत्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर पुढे-मागे जाऊन हवी ती माहिती शोधते. दळण शोधायला दहा डबे उघडावेत तसं. एसएसडी नावाची जी नवी डिस्क येते तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये. त्यामुळे ती कित्येक पटीने झपाट्याने चालते, आणि आवाजही करत नाही. एकाच खर्चात दोन्ही दुखणी घालवायची असतील तर माझं मत स्पष्ट आहे. लहानशी एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबीची पुरते. ती मूळ हार्ड डिस्कच्या जागी बसवा, आणि तिथून निघालेली जुनी हार्ड डिस्क सीडीच्या कप्प्यात घाला. विंडोज एसएसडीवर, कागदपत्रं जुन्या डिस्कवर.

दुकानात कधीकधी उलटं सुचवतात, की जुनी डिस्क आहे तिथेच राहू दे, एसएसडी कप्प्यात टाकू. त्यांचं काम कमी होतं. पण काही मॉडेलांत सीडीच्या कप्प्याकडे जाणारी वाट अरुंद ठेवलेली असते, कारण सीडीला तेवढा वेग लागतच नाही. मग महागडी एसएसडी तिथे अडखळत चालणार. शिवाय काही लॅपटॉप त्या कप्प्यातल्या डिस्कवरून चालूच होत नाहीत. म्हणून "एसएसडी मुख्य जागेत" हे वाक्य पाठ करून जा.

डिस्क कप्प्यात तशीच बसत नाही. तिला एक चौकट लागते. तिला कॅडी म्हणतात, दुकानात "सेकंड हार्ड डिस्क कॅडी" असं मागा. बाहेरून ती हुबेहूब सीडी ड्राइव्हच्या आकाराची, आत अडीच इंची डिस्क बसते. साधी कॅडी काहीशे रुपयांत मिळते. खरी गोम तिच्या जाडीत आहे. सीडी ड्राइव्ह मुख्यतः दोन जाडीच्या येतात, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. जाडी चुकली तर कॅडी एकतर आत जाणार नाही, नाहीतर सैल राहून खडखडेल. म्हणून कॅडी मागवण्याआधी ड्राइव्ह बाहेर काढा आणि मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने मोजा. सेंटिमीटरच्या आत भरली तर ९.५ ची, सव्वा सेंटिमीटर भरली तर १२.७ ची. डिस्कलाही जाडी असते, ७ किंवा ९.५ मिलिमीटर. पातळ कॅडी असेल तर ७ ची डिस्क निर्धास्त बसते, ९.५ ची असेल तर आधी विचारून घ्या.

जोडणीही बघायची. साटा नावाची जोडणी हवी. २००८-०९ च्या आधीचे काही लॅपटॉप आयडीई या जुन्या जोडणीचे असतात, त्यांची कॅडी वेगळी. इतक्या जुन्या लॅपटॉपवर पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. त्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या पोर्टेबल डिस्कवर घ्या, ती झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात धरू नका. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपवून ठेवू नका. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. टेबलावर सुती कापड अंथरा. नायलॉनची साडी आणि लोकरीचा स्वेटर त्या दिवशी नको, त्यातून स्थिर वीज तयार होते आणि चिपला ती सोसत नाही. आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावायचा, मग डिस्कला.

लॅपटॉप पालथा करा. बऱ्याच मॉडेलांत सीडी ड्राइव्ह एकाच स्क्रूवर अडकलेली असते. हा स्क्रू साधारण मध्यावर असतो, कधी त्याच्याशेजारी चकतीचं छोटं चित्र असतं. अधिकच्या खुणेचा बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो, दुकानदार त्याला स्टार म्हणतात. स्क्रू निघाला की ड्राइव्ह खणासारखी बाहेर सरकते. नाही सरकली तर ते सुईचं भोक आहे ना, त्यात सरळ केलेली कागदाची पिन घाला. खण थोडा उघडतो आणि धरायला जागा मिळते. सुरी घालून उचकटू नका. काही लॅपटॉपमध्ये हा स्क्रू कीबोर्डखाली लपवलेला असतो. तसं दिसलं तर ते काम दुकानात द्या, त्यात कमीपणा नाही.

ड्राइव्हच्या तोंडाशी प्लास्टिकची पट्टी आणि मागे एक छोटी धातूची पट्टी असते. दोन्ही काढून कॅडीला लावायच्या. त्या न लावता बसवलं तर लॅपटॉपला भगदाड राहतं आणि कॅडी जागेवर घट्ट बसत नाही. डिस्क कॅडीत आडवी ठेवा, सोनेरी दात समोरासमोर आणा आणि सपाट सरकवा. तिरकी दाबली की दात मोडतात. मग कॅडीचे बारीक स्क्रू आवळा, कॅडी आत सरकवा, खालचा स्क्रू परत लावा. "हे बायकांचं काम नाही" असं कुणी म्हणालं तर त्यांना शिलाई मशीनची बॉबिन केस उघडून परत बसवायला सांगा. त्यातला स्क्रू याहून बारीक असतो.

लॅपटॉप चालू केला आणि डिस्क दिसलीच नाही, तर घाबरू नका. काही कॅडींच्या टोकाला एक इवलासा खटका असतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी. लॅपटॉप बंद करून तो सरकवून बघा. डिस्क कोरी नवी असेल तर ती आपोआप दिसतच नाही. स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडायचं आणि तिथे तिला तयार करून घ्यायचं. पण जुनी, भरलेली डिस्क कप्प्यात घातली आहे आणि संगणक "फॉरमॅट करू का?" असं विचारतोय, तर नाही म्हणा. तिथे एका होकारात सगळ्या गटांची कागदपत्रं दिसेनाशी होतात.

एसएसडीवर विंडोज नव्याने घालावं लागतं किंवा जुन्याची नक्कल करावी लागते. हे एखाद्या जाणकाराकडून करून घ्या, आणि महिनाभर सगळं नीट चालेपर्यंत जुन्या डिस्कवरचं विंडोज पुसू देऊ नका. आणखी एक लक्षात ठेवा. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि सीडीचा कप्पा असलेले बहुतेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. हिशेब, अहवाल, स्कॅनिंग यांना तो लॅपटॉप चांगला चालेल, पण गटाच्या बँक खात्याचे ऑनलाइन व्यवहार त्यावर करू नयेत असं मी सगळ्यांना सांगते. ज्यांना शिकायची तयारी आहे त्यांनी लिनक्स घालावं, ते फुकट आहे.

फिरणारी डिस्क कप्प्यात गेली की तिला धक्क्यांचीही काळजी लागते. मूळ जागेत बऱ्याचदा रबराचा आधार असतो, कॅडीत तो नसतो. लॅपटॉप चालू ठेवून स्कूटीच्या डिकीत टाकू नका. बॅटरीही थोडी लवकर उतरेल.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगते. दोन डिस्क झाल्या की अनेकींना वाटतं, आता एकीवरचं दुसरीवर उतरवून ठेवलं की झालं, काळजी मिटली. एका ग्रामसंघात नेमकं हेच केलं होतं. एका रात्री कार्यालयाचं कुलूप तुटलं आणि लॅपटॉप गेला, दोन्ही डिस्कसकट. पाच वर्षांचे कर्जाचे तक्ते, शिक्क्यानिशी स्कॅन केलेले करार, सगळं गेलं. हाताने लिहिलेली रजिस्टरं कपाटात होती, म्हणून कुणाची किती परतफेड झाली हे सिद्ध करता आलं. एका ताईंनी कर्ज फेडलेलं होतं आणि त्यांची पावती घरच्या पुरात भिजून गेली होती. रजिस्टरमधली ती एक ओळ नसती तर त्यांच्या शब्दाशिवाय काहीही पुरावा नव्हता.

एकाच पेटीतल्या दोन डिस्कना चोर, आग, पाणी आणि विजेचा झटका एकदमच लागतो. दुसरी डिस्क म्हणजे वाढीव जागा, राखीव प्रत नव्हे. संगणकवाले लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. प्रती तीन, ठेवायची साधनं दोन प्रकारची, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्यासाठी ते असं बसतं : एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक पोर्टेबल डिस्कवर कोषाध्यक्षांच्या घरी, आणि हिशेबाच्या हलक्या फायली ग्रामसंघाच्या गुगल खात्यावर, जिथे १५ जीबीपर्यंत पैसे पडत नाहीत. मासिक बैठकीच्या दिवशीच प्रत घ्यायची आणि इतिवृत्तात एक ओळ लिहायची, कुणी घेतली, कधी घेतली. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, तो पर्समध्ये हरवतो. आणि सह्या-अंगठ्यांची रजिस्टरं चालूच ठेवा.

दुकानात काम दिलं तर समोर बसून करून घ्या. त्या डिस्कवर शे-दोनशे बायकांची आधार कार्डं, फोटो, खाते क्रमांक आहेत. जुनी डिस्क खराब निघाली तरी ती दुकानात सोडून येऊ नका. नुसत्या फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही, जाणकार माणूस ती परत काढू शकतो. बिल घ्या, नव्या डिस्कचा क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवा, आणि खर्चाचा ठराव आधी करा, मागून नको.

राहिली ती काढलेली सीडी ड्राइव्ह. ती फेकू नका. तिच्यासाठी यूएसबीची वेगळी पेटी मिळते, तीत घातली की कुठल्याही लॅपटॉपला वायरने जोडता येते. दवाखान्यातून सिटी स्कॅनची सीडी अजूनही मिळते, आणि घरोघरी लग्नाच्या सीडी ट्रंकेत पडून आहेत. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडी काही वर्षांनी वाचल्या जात नाहीत. गावात एक अशी ड्राइव्ह असली तर त्या सगळ्या उतरवून घेता येतील. आमच्याकडच्या एका गटाने त्यासाठी सीडीमागे वीस रुपये घ्यायला सुरुवात केली आहे.