व्हीआरएस : पन्नाशीतल्या कामगाराचा हिशेब

निवृत्तीच्या वयाआधी ठरावीक रक्कम घेऊन कायम नोकरी सोडणे म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. कारखान्यांत तिला सगळे व्हीआरएसच म्हणतात. ती रुजली कायद्यामुळे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात 1976 साली दुरुस्ती झाली आणि तीनशे, पुढे शंभर कामगारांच्या कारखान्यांनाही कपातीसाठी सरकारी परवानगी लागू लागली. कामगाराने आपणहून सोडले तर मात्र ती कपात ठरत नाही. मुंबईच्या एलबीएस मार्गावर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात मालकांनी हाच मार्ग धरला.

रक्कम मोठी दिसते, म्हणून तिचे महिने मोजावेत. सार्वजनिक उद्योगांत वापरल्या गेलेल्या ‘गुजरात पद्धती’त सेवेच्या झालेल्या प्रत्येक वर्षाला 35 दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला 25 दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळतो. पंचवीस वर्षे झालेल्या, आठ वर्षे उरलेल्या कामगाराला 1,075 दिवसांचे, म्हणजे सुमारे 36 महिन्यांचे पैसे मिळतील. काढायचे असतात 96 महिने. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड वेगळे, पण तो त्याचाच साठलेला हक्क; कंपनीने वर काही दिलेले नव्हे.

तरीही अर्ज भरले जातात. मुलीचे लग्न, घराचे कर्ज, पाळ्यांनी थकलेले शरीर ही कारणे असतात. त्याहून मोठी असते भीती, की आज घेतले नाही तर उद्या कारखाना बंद पडेल आणि एवढेही मिळणार नाही. कामाच्या ऑर्डर आटलेल्या, दूरच्या बदलीची टांगती तलवार, त्यात अर्जाची मुदत थोडी. अशा वेळी दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणणे अन्यायाचे आहे.

सर्वांत कमी विचार पेन्शनचा होतो. कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएसची, पूर्ण पेन्शन 58व्या वर्षी सुरू होते. दहा वर्षे सेवा झालेल्याला ती पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण लवकर घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के घट होते आणि ती जन्मभर राहते. फंडाचे पैसे काढताना पेन्शनसाठी स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवले, तर 58व्या वर्षी पूर्ण पेन्शन मागता येते.

नवी कायम नोकरी त्या वयात दुर्मीळ. वाट्याला येते ती बहुधा सुरक्षा रक्षकाची किंवा कंत्राटी. म्हणून अर्जावर सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून, युनियनला विचारून, 58व्या वर्षापर्यंतचा महिन्याचा खर्च कागदावर मांडावा.