डब्यातली ताकद आणि अंगातली ताकद

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला. मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. 800 मीटर पळणं चांगलं आहे, पण गोळाफेकीत मार्क कमी पडतात. व्यायामशाळेतल्या कुणीतरी सांगितलं, "हार्मोन वाढवणाऱ्या गोळ्या घे, दोन महिन्यांत दंड भरतील." ताईंनी विचारलं, देऊ का पैसे?

आधी या गोळ्या म्हणजे काय ते बघू. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन पुरुषांत भरपूर असतं, बायकांत अगदी थोडं. ते थेट विकायला बंदी, म्हणून काही कंपन्यांनी त्याचा कच्चा माल विकायला काढला. अँड्रोस्टीनडायोन आणि डीएचईए ही त्यातली दोन नावं. म्हणणं असं की कच्चा माल पोटात गेला की पक्का माल शरीर स्वतःच करील. पण दूध एकच असलं तरी विरजण लावलं तर दही होतं आणि लिंबू पिळलं तर फाटतं. कच्च्या मालाचं काय करायचं हे शरीर ठरवतं, दुकानदार नाही.

याची हवा पसरली अमेरिकेत. 1998 साली मार्क मॅग्वायर या बेसबॉल खेळाडूनं एका हंगामात 70 होमरन मारले, म्हणजे आपल्या भाषेत षटकारच म्हणा. आधीचा विक्रम 61 चा. त्याच्या कपाटात अँड्रोस्टीनडायोनची बाटली एका पत्रकाराला दिसली आणि पोरंटोरं दुकानांकडे धावली. पुढे 2010 मध्ये त्यानं स्वतःच कबूल केलं की तो स्टिरॉइडही घेत होता. म्हणजे ज्या बाटलीमागे लोक धावले, तिच्या जोडीला दुसरंच काही होतं!

1999 मध्ये आयोवा राज्यातल्या संशोधकांनी 20 तरुण पुरुषांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. निम्म्यांना अँड्रोस्टीनडायोन, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. ताकद दोन्ही गटांची वाढली, सारखीच वाढली. ती व्यायामानं वाढली होती. गोळीवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलंच नाही, उलट बायकांचं समजलं जाणारं इस्ट्रोजेन वाढलं आणि हृदयाला जपणारं चांगलं कोलेस्टेरॉल घटलं. पैसे देऊन हे विकत घ्यायचं!

आता आपल्या मुलींचं. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉनची विहीर भरलेली असते, एक घागर ओतली तर पाणी चढलेलं दिसत नाही. बाईच्या अंगात मात्र वाटीभरच असतं. त्यामुळे हाच कच्चा माल बायकांत टेस्टोस्टेरॉन वाढवू शकतो. मग पाळी बिघडते, तोंडावर पुटकुळ्या येतात, ओठांवर-हनुवटीवर केस येतात, आवाज घोगरा होतो. गोळी बंद केली तरी आवाज पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. असं काही दिसत असेल तर मुलीला रागावत बसू नका, डॉक्टरांकडे न्या आणि काय घेतलं ते खरं सांगा.

कबड्डी-कुस्तीत पुढे जाणाऱ्या मुलींना आणखी एक धोका आहे. ही दोन्ही द्रव्यं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. लघवीच्या तपासणीत सापडलं, तर "मला माहीत नव्हतं" एवढं सांगून सुटका होत नाही. काही वर्षांची बंदी येऊ शकते.

प्रत्येक डबा असाच असतो असं नाही. साधी प्रोटीन पावडर म्हणजे हार्मोन नव्हे, पण तिचं काम डाळ, शेंगदाणे, अंडी, दूधही करतात, आणि स्वस्तात. गोळाफेकीला लागतात मांड्या आणि कंबर. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, हळूहळू वाढवलेलं वजन, फेकीचा सराव आणि रात्रीची पुरेशी झोप.

तर ताई, पैसे देऊ नका. डबा घरात आलाच असेल तर लेबल इंग्रजीत असतं, म्हणून मुलीलाच ते मोठ्यानं वाचायला सांगा. 'अँड्रो', 'डीएचईए' किंवा 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर' असं काही ऐकू आलं, तर झाकण उघडू नका आणि बिल सांभाळून ठेवा, डबा परत करायला लागेल.