व्हान्डा: कधीच न ढवळलेलं सरोवर

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांमध्ये बर्फाऐवजी उघडी, तपकिरी जमीन दिसते. त्यातल्या राइट दरीत व्हान्डा सरोवर आहे. हे नाव एका स्लेज ओढणाऱ्या कुत्र्याचं. इथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास असतं आणि सरोवरावर बाराही महिने तीन-चार मीटर जाडीचा बर्फ असतो. पण सत्तरेक मीटर खोल, अगदी तळाशी, पाणी असतं २३ ते २५ अंश सेल्सिअस. चक्क कोमट!

ही ऊब सूर्याची. काचेसारख्या नितळ बर्फातून ऊन खोलवर झिरपतं. खालचं पाणी समुद्रापेक्षाही खारट आणि जड, त्यामुळे तापलं तरी वर येत नाही. हा खारटपणाही आपल्या मिठाचा नाही, मुख्यतः कॅल्शियम क्लोराइडचा. साधारण १२०० वर्षांपूर्वी सरोवर आटत आटत खाऱ्या डबक्यापुरतं उरलं होतं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पुढे त्यावर हिमनदीचं गोडं पाणी येऊन साचलं. वर बर्फाचं झाकण असल्यामुळे वाऱ्याला पाणी घुसळता येत नाही. म्हणून हे थर आजही एकावर एक जसेच्या तसे आहेत.

कोमट पाण्याचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र खरं नवल वाटतं ते या थरांमधल्या धातूंच्या प्रवासाचं. ओनिक्स ही सुमारे ३२ किलोमीटरची नदी उन्हाळ्यातले मोजके आठवडे वाहते, तीही समुद्राकडे पाठ फिरवून, दरीच्या आत. येताना ती खडकांतलं मँगनीज, लोह, कोबाल्ट, तांबं अगदी कणाकणाने घेऊन येते. वरच्या पाण्यात प्राणवायू भरपूर. तिथे मँगनीजचे काळपट ऑक्साइड कण होतात, कोबाल्टसारखे धातू त्यांना चिकटतात आणि सगळे मिळून सावकाश खाली बसू लागतात. त्यामुळे वरच्या पाण्यात हे धातू जेमतेम सापडतात. खाली प्राणवायू संपत आला की कण विरघळतात आणि अंगाला चिकटलेलं सगळं सोडून देतात. नेमक्या त्या खोलीवर मँगनीज आणि कोबाल्टचे आकडे एकदम उसळतात. लोह जरा चिवट, ते आणखी खाली विरघळतं. अमेरिकेतल्या ओहायोच्या मायामी विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम ग्रीन यांनी हा हिशेब मांडण्यासाठी इथे कित्येक उन्हाळे घालवले.

हे पाणी काढणं म्हणजे सोवळं पाळण्यासारखं काम. बर्फाला भोक पाडायचं, आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली खाली सोडायची, हातात मोजे हवेतच. दोरीला गंजाचा एक कण लागला तरी मोजणी फुकट. तळाच्या पाण्याची बाटली उघडली की नासक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे तिथे प्राणवायू अजिबात उरलेला नसतो.

म्हणूनच इथे माणसाने काय सांडलं, याला फार महत्त्व आहे. न्यूझीलंडने १९६० च्या दशकाच्या शेवटी सरोवराच्या काठावर संशोधन तळ उभारला होता. पुढे पाण्याची पातळी वाढत तळाच्या दिशेने येऊ लागली. १९९० च्या दशकात न्यूझीलंडने इमारती उतरवल्या आणि पाणी पोचण्याआधी तिथली दूषित मातीही उकरून सोबत नेली.