अजिंठ्याचे तारू आणि छांदिष्टाचे मेज

सह्याद्री उतरल्यावाचून ज्याला समुद्राचे दर्शन घडत नाही आणि ज्याच्या दफ्तरात बंदर, गोदी किंवा आरमार यांची नोंद असण्याचे प्रयोजनच नाही, त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने भारतीय नौकानयनाच्या इतिहासाला असा एक पुरावा दिला आहे की, जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याचा नाद लागलेल्या भारतीय मनुष्याने परदेशी गलबतांचे आराखडे कितीही गिरविले, तरी अखेर त्याला याच जिल्ह्याकडे वळावेसे वाटावे. हा पुरावा म्हणजे अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात रंगविलेले तीन डोलकाठ्यांचे तारू. सागराशी या मुलुखाचा संबंध केवळ चित्रापुरता नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले असून, तेथील अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून त्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पुढे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्या सातवाहन कुळाची राजधानी पैठण येथे होती, त्याच कुळातील यज्ञश्री सातकर्णीने दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची मुद्रा असलेली नाणी पाडली.

अजिंठ्याचे चित्र सामान्यतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाते, आणि त्याचा विषय पूर्ण-अवदानाची कथा हा आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळील सोपाऱ्याचा, व्यापारीपुत्र. तो बुद्धाचा शिष्य झाल्यावर त्याचा भाऊ चंदनाच्या शोधार्थ समुद्रपर्यटनास निघतो, चंदनवनाचा स्वामी असलेला यक्ष कोपून वादळ उठवितो, आणि संकटात सापडलेल्या भावाने पूर्णाचा धावा करताच ते वादळ शमते. चित्रकाराला सांगायची होती ती ही करुणेची कथा; पण ती सांगताना त्याने जहाजाचा जो तपशील टिपला, तो डोळस माणसाचा आहे. उंच उचललेली नाळ आणि तशीच उंच पिछाडी, नाळेवर रेखलेला नेत्र, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली तीन शिडे, नाळेपुढे झुकलेल्या काठीवरचे आणखी एक शीड, पिछाडीला सुकाणूचे काम करणारे वल्हे आणि जहाजात ओळीने मांडलेले रांजण, इतक्या गोष्टी एका लहानशा प्रसंगात सामावलेल्या आहेत.

या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचा इतिहास दुःखद आहे. १८१९ मध्ये लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्यानंतर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी १८७२ पासून केलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पुढे निजामाच्या अमदानीत पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० पासून छायाचित्रांसह अजिंठ्याचे ग्रंथ प्रसिद्ध करून तो वारसा अभ्यासकांच्या हाती दिला. परंतु नक्कल आणि प्रतिकृती यांत एक मूलगामी अंतर आहे. नक्कल करणाऱ्याला भिंतीवर जे दिसते तेवढे उतरविले की पुरते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र भिंतीवर जे दिसत नाही त्याचाही निर्णय करावा लागतो. पाण्याखालचा तळ कसा होता? चित्रातली माणसे जहाजाच्या मानाने मोठी आहेत, ती भावनेच्या महत्त्वाने मोठी केलेली आहेत की जहाजच लहान होते? डोलकाठी वाऱ्याच्या जोरापुढे कोणत्या दोरांनी तोलून धरली होती? प्रेक्षक म्हणून ज्यांची चित्रासमोर आठवणही होत नाही असे हे प्रश्न लाकूड हाती घेताच अटळ होतात, आणि म्हणूनच या छंदाला मी मनोरंजनाच्या सदरात न घालता अभ्यासाच्या सदरात घालतो.

हेच प्रश्न अलीकडे एका मोठ्या उपक्रमापुढे आले. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन अजिंठ्याच्या चित्रावर आधारलेले पूर्णाकृती जहाज बांधण्याचे ठरले. केरळचे कुशल जहाजबांधणी-कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी लोखंडी खिळ्यांचा आधार न घेता, काथ्याचे दोर, नारळाचा तंतू आणि नैसर्गिक राळ यांच्या साह्याने फळीला फळी शिवून ते सिद्ध केले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. त्याची लांबी १९.६ मीटर आणि रुंदी ६.५ मीटर. मूळ आराखडा कोठेच उपलब्ध नसल्यामुळे तळाचा आकार, शिडे आणि दोरखंड यांची मांडणी मुळापासून करावी लागली. त्या कामी मद्रासच्या आयआयटीतील महासागर अभियांत्रिकी विभागाने जलचाचण्या घेतल्या, आणि त्या घेतल्या अर्थातच लहान प्रतिकृतीवर. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित केलेल्या नियमानुसार लाटांच्या बाबतीत वेग हा लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा लागतो. म्हणजे सोळाव्या हिश्शाची प्रतिकृती मूळ जहाजाच्या चौथ्या हिश्शाच्या वेगाने ओढली, तर तिच्याभोवतीच्या लाटा मूळ जहाजाच्या लाटांशी मिळत्याजुळत्या उठतात. भिंतीवरचे चित्र आणि समुद्रावरचे जहाज यांच्यामध्ये अशा रीतीने प्रतिकृतीच उभी होती.

घरच्या मेजावर हे तारू घडवू इच्छिणाऱ्याने प्रथम प्रमाण ठरवावे. इंग्लंडच्या नौदल-मंडळासाठी सतराव्या शतकापासून केल्या गेलेल्या प्रतिकृतींचे रूढ प्रमाण फुटाला पाव इंच, म्हणजे एकास अठ्ठेचाळीस, हे होते, आणि ते आजही सोयीचे आहे. या प्रमाणाने कौंडिण्यची लांबी सुमारे ४१ सेंटिमीटर, रुंदी साडेतेरा सेंटिमीटर आणि मध्यम उंचीचा खलाशी साडेतीन सेंटिमीटरचा होतो. दोन इंची फळी एक मिलिमीटरवर येते. बाजारातल्या पाश्चात्त्य संचांत आधी आडवे छेद उभे करून त्यांवर फळ्या चिकटविण्याची रीत असते. परंतु शिवलेल्या जहाजात फळ्यांचे कवच आधी आणि आतील फासळ्या नंतर असा क्रम असल्यामुळे, त्या रीतीने केलेली प्रतिकृती बाहेरून हुबेहूब दिसली तरी आतून खोटी ठरते. यासाठी मऊ लाकडाचा साचा करून त्याच्यावर फळ्या बसवाव्यात आणि कवच पुरे झाल्यावर साचा काढून फासळ्या घालाव्यात. सागाचा रेशा या प्रमाणात फार ठळक दिसतो, म्हणून हळदू किंवा काळा कुडा यांसारखे बारीक पोताचे लाकूड निवडावे. नाळेकडे जहाजाचा घेर कमी होत असल्याने प्रत्येक फळी टोकांकडे निमुळती तासावी लागते, आणि गरम पाण्यात मुरवून बाक दिल्याशिवाय ती आपल्या जागी स्वस्थ बसत नाही. मग हातगिरमिटाने, दर चार मिलिमीटरवर एक, अशी छिद्रे पाडायची. मधल्या लांब फळ्यांच्या एकेका कडेवर ती शंभराच्या आसपास भरतात. दोरा मेणावर ओढून घेतला म्हणजे त्याचे तंतू दबतात आणि शिवण स्वच्छ दिसते.

दोरखंडही विकतचा आणू नये. तीन पदर वेगवेगळे एका दिशेने पिळून, नंतर एकत्र उलट दिशेने पिळले म्हणजे त्यांचे ताण परस्परांना अडवून धरतात आणि दोर उसवत नाही, हे तत्त्व खऱ्या दोरखंडाचे आणि खेळण्यातल्या दोराचे एकच आहे. शिडासाठी उत्तम मलमलही अनेकदा जाड ठरते. ज्या छत्रपती संभाजीनगर शहरात हिमरू आणि ज्या जिल्ह्यात पैठणी विणली जाते, तेथे धाग्याच्या जाडीची पारख असलेले जाणते हात शोधायला दूर जावे लागू नये. शिडाच्या पट्ट्यांमधील शिवण टाक्यांनी न दाखविता शिसपेन्सिलीच्या रेषेने दाखवावी, रंग मूळ रंगाहून थोडे फिके ठेवावेत आणि चकाकणारे रोगण वापरू नये, कारण दुरून पाहिलेल्या मोठ्या वस्तूचा भास चकाकीने ताबडतोब मोडतो.

तपशिलाचा मोह हा या छंदातला सर्वांत कठीण परीक्षेचा भाग आहे. नेत्र, रांजण आणि वल्हे यांना चित्राची सनद आहे. शिवणीला आणि काथ्याला आजही जिवंत असलेल्या कारागिरीची साक्ष आहे. कौंडिण्यच्या नाळेवरील सिंहयाळी आणि शिडांवरील गंडभेरुंड हे मात्र आजच्या कर्त्यांनी भारतीय परंपरेतून विचारपूर्वक घेतलेले अलंकार आहेत. या तीन प्रकारांची सरमिसळ झाली की प्रतिकृती देखणी राहूनही तिचे प्रामाण्य हरपते. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक टाचण असावे आणि त्यात पुरावा, अनुमान व अलंकार अशा तीन रकान्यांत प्रत्येक जिन्नस नोंदलेला असावा, असा माझा आग्रह आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे नौदल-अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारी यांनी फत्तेमारीसारख्या आपल्या किनाऱ्यावरील नौकांची मोजमापे घेऊन नकाशे प्रसिद्ध केले, म्हणून त्या नौका आज पुन्हा घडविता येतात. त्यांनी मोजले ते लिहून ठेवले, हेच त्यांचे श्रेष्ठ कार्य.

पैठणचे शासकीय वस्तुसंग्रहालय, छत्रपती संभाजीनगर शहरातील पुराणवस्तुसंग्रहालय आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी येणारे हजारो विद्यार्थी यांचा विचार करता, नाण्यावरचे दोन डोलकाठ्यांचे जहाज आणि भिंतीवरचे तीन डोलकाठ्यांचे तारू अशा दोन प्रतिकृती, त्यांच्या टाचणांसह, या जिल्ह्यात स्थानिक हातांनी घडाव्यात. एखाद्या शाळेतील हस्तव्यवसायाचा शिक्षक, एक सुतार आणि धाग्याची जाण असलेला एक विणकर एवढे मनुष्यबळ त्या कामास पुरेसे आहे. त्यांतून जी पिढी तयार होईल, तिला आपल्या पूर्वजांच्या समुद्रपर्यटनाचा केवळ अभिमान सांगावा लागणार नाही. फळी का निमुळती होते आणि दोर का उसवत नाही, हे ती स्वतःच्या अनुभवाने सांगू शकेल.