सहा शेअर आणि दोन तृतीयांश

इच्छापूरला मामांच्या ओसरीवरून इच्छादेवीची टेकडी दिसते. गेल्या दिवाळीत मामा त्या ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी डीमॅट खात्याचं छापील पत्रक होतं. पत्रकात विप्रोचे २६६ शेअर होते आणि गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ६.६६७ दाखवत होतं.

"बघ रे, अडीचशेच्या वर शेअर खाल्ले या यंत्राने," मामा म्हणाले. "बिघडलंय हे."

दुपारभर बसून आम्ही ती चूक शोधली. यंत्राचं गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. मामांनी जे सांगितलं, ते त्याने दशांशापर्यंत चोख केलं होतं. गुंतवणुकीचा हिशेब आता बहुतेक जण मोबाइलवर किंवा संगणकावर ठेवतात आणि असे न जुळणारे आकडे घरोघरी भेटतात. ते कसे शोधायचे, याचं एक पक्कं शास्त्र आहे. ते समजून घेण्यासाठी मामांचं उदाहरण फार सोयीचं आहे.

आपल्याकडचा शेअर

इच्छापूर मध्य प्रदेशात असलं, तरी इथल्या कितीतरी घरांची सोयरीक आणि बोली जळगावकडे ओढते. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांत हे शेअर पिढ्यान् पिढ्या सांभाळले गेले. मामांनी २००८ साली ३० शेअर १२,००० रुपयांना घेतले, त्यामागेही ही आपलेपणाची भावना होती.

या कंपनीने भागधारकांना वारंवार बोनस शेअर दिले. मामांनी शेअर घेतल्यानंतरचे चार बोनस असे: २०१० मध्ये २:३, २०१७ मध्ये १:१, २०१९ मध्ये १:३ आणि २०२४ मध्ये पुन्हा १:१. मामांच्या सॉफ्टवेअरमध्ये बोनस अशी वेगळी नोंद नव्हती. 'शेअर विभाजन' अशी एक खिडकी होती आणि त्यात दोन रकाने होते. मामांनी वर्तमानपत्रात वाचलेलं प्रमाण जसंच्या तसं तिथे भरलं.

चूक तिथेच झाली. आपल्याकडे २:३ बोनस म्हणजे हातात तीन शेअर असतील, तर आणखी दोन मिळणार. तिनाचे पाच होणार. अमेरिकी पद्धतीने बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या विभाजनाच्या रकान्यात मात्र शेवटी हातात किती राहणार, ते भरायचं असतं. तिथे '३ च्या जागी २' असं भरलं की यंत्र तीन शेअर काढून घेऊन दोन परत देतं. मामांचे ३० शेअर २० झाले. १:१ भरल्यावर एकाच्या जागी एकच आला, २० चे २०च राहिले. १:३ भरल्यावर तिनाच्या जागी एक, म्हणजे ६.६६७. शेवटच्या १:१ ने काहीच बदललं नाही.

योग्य आकडे ५:३, २:१, ४:३ आणि २:१ हे होते. ते घालून पाहिलं. ३० चे ५०, ५० चे १००, १०० चे १३३.३३३ आणि शेवटी २६६.६६७. आता फरक फक्त दोन तृतीयांश शेअरचा उरला.

अर्धामुर्धा शेअर

"एवढं चालतंय," म्हणून मामा उठायला निघाले. मी त्यांना बसवलं. कंपनी शेअरचा तुकडा देत नाही. १०० शेअरवर १:३ बोनस म्हणजे ३३ पूर्ण शेअर आणि एक तृतीयांश. भागधारकांचे असे तुकडे एकत्र करून बाजारात विकतात आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचे पैसे बँकेत जमा होतात. मामांच्या २०१९ च्या पासबुकात एक किरकोळ जमा सापडली. तिचा अर्थ मामांना इतकी वर्षं लागला नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये ०.३३३ शेअरची विक्री नोंदवली, १३३ उरले आणि २०२४ च्या बोनसनंतर बरोबर २६६ झाले.

संख्या जुळली, तरी काम संपलं नव्हतं. विभाजनाची नोंद केली की सॉफ्टवेअर मूळ १२,००० रुपये सगळ्या शेअरवर सारखे वाटतं आणि प्रत्येकाची खरेदी तारीख २००८च धरतं. आपल्या आयकर कायद्यात बोनसचा हिशेब निराळा आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि ज्या दिवशी तो मिळाला, ती त्याची तारीख. शेअरबाजारात नोंदलेल्या शेअरला ३१ जानेवारी २०१८ ची जादा सवलत आहे. त्याआधी हाती आलेल्या शेअरची किंमत ठरवताना त्या दिवसाचा बाजारभावही विचारात घेतात. शिवाय डीमॅटमधून विकताना जो आधी आला, तो आधी गेला असं मानलं जातं.

म्हणून मामांचे २६६ शेअर हा एक ढीग नाही, पाच ढीग आहेत: मूळ ३०, मग २०, ५०, ३३ आणि १३३. पहिल्या तीन ढिगांतल्या १०० शेअरना २०१८ ची सवलत लागू होते. उरलेल्या १६६ ची किंमत शून्य. विभाजनाच्या नोंदीने संख्या बरोबर आली असती, पण विक्रीच्या वेळी नफा आणि कर दोन्ही चुकले असते. आम्ही चारही नोंदी पुसल्या आणि बोनस 'शून्य रुपयांना खरेदी' म्हणून आपापल्या तारखेला घातले. २०१३ मध्ये विप्रोने साबण-तेलाचा धंदा वेगळ्या कंपनीकडे दिला होता. अशा वेळी शेअरची संख्या तीच राहते, पण मूळ खरेदी किंमत दोन कंपन्यांत वाटली जाते. त्या वाटणीचे कागद मामांनी पत्र्याच्या पेटीतून शोधून काढले.

पंचवीस पैशांचं कोडं

मामींच्या एसआयपीत निराळी भानगड होती. दरमहा ५,००० रुपये जातात, पण सॉफ्टवेअरमधले युनिट फंडाच्या पत्रकाशी जुळत नव्हते. फरक तिसऱ्या दशांशात होता.

१ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं. पाच हजारांवर ते २५ पैसे होतं. युनिट मिळतात ते ४,९९९ रुपये ७५ पैशांचे. समजा, त्या दिवशी युनिटचा भाव ६१.३७ रुपये आहे. फंड ८१.४६९ युनिट देईल. सॉफ्टवेअर पूर्ण ५,००० ला भागून ८१.४७३ दाखवेल. पाच वर्षांच्या ६० हप्त्यांत हे शुल्क १५ रुपये होतं, पण जुळणी दर महिन्याला मोडते. शुल्काची वेगळी नोंद केली की कोडं सुटतं.

दुसरी अडचण तारखेची. १ फेब्रुवारी २०२१ पासून फंडाच्या हातात पैसे प्रत्यक्ष पोचतात, त्या दिवसाचा भाव मिळतो. बँकेतून ५ तारखेला गेलेली रक्कम ६ किंवा ७ च्या भावाने गुंतू शकते. सॉफ्टवेअर ५ चा भाव उचलत असेल, तर प्रत्येक हप्ता थोडा थोडा चुकत जातो.

एवढ्याशा फरकांनी काय बिघडतं, असं वाटेल. कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. दिवसातून सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने मोजला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशानंतरचे आकडे नुसते तोडले जात. जवळच्या अंकाकडे वळवण्याऐवजी नेहमी खालीच. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ वर आला. नीट मोजल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. बाजार वर चढत होता आणि फलकावर तो निम्म्यावर आलेला दिसत होता.

संगणकाची स्वतःचीही एक मर्यादा आहे. तो शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३... असा न संपणारा होतो, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश न संपणारा होतो. साध्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा केसभर जास्त येते. म्हणून चांगली हिशेबी सॉफ्टवेअर पैसे पूर्णांकांत, म्हणजे पैशांच्या मापात साठवतात.

नवाचा ताळा

मामांचे वडील केळीच्या वखारीत दिवाणजी होते. फरक आला की ते आधी त्याला नवाने भागून पाहायचे, हे मामांना आठवलं. ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. ४,९७२ च्या जागी ४,७९२ लिहिलं तर फरक १८०, म्हणजे नऊ गुणिले वीस. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो, कारण दहा आणि एक या स्थानांतलं अंतर नऊ आहे. एक शून्य जास्त पडलं, तरी फरकाला नवाने भाग जातो. अर्थात दर नऊ फरकांत एकाला असा भाग योगायोगानेही जाऊ शकतो, म्हणून ही खूण आहे, पुरावा नव्हे. फरकाला दोनाने भागून येणारी रक्कम वहीत सापडली, तर कुठेतरी विक्रीची नोंद खरेदीत गेली असण्याचा संभव मोठा. आणि आकडा बरोबर दुप्पट दिसला, तर तेच पत्रक दोनदा आयात झालेलं असतं.

या खुणांनी काम झालं नाही, तर अर्धा भाग टाकून शोधायचं. केळीच्या बागेत पाइपलाइनच्या टोकाला पाणी येईनासं झालं, की शेतकरी आधी मधला जोड उघडून पाहतो. तिथे पाणी असेल, तर अडथळा पुढे, नसेल तर मागे. हिशेबातही तसंच करावं. २० वर्षांचे २४० महिने असतील, तर मधल्या महिन्याची शिल्लक पत्रकाशी ताडून पाहावी. दर तपासणीला निम्मे महिने बाद होतात आणि आठ तपासण्यांत पहिला चुकलेला महिना हाती लागतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाहावं, कारण पुढे दुसरी चूक असू शकते. ताडून पाहायला डीमॅटचं पत्रक आणि म्युच्युअल फंडांचं एकत्रित खातेपत्रक प्रमाण मानावं.

एक मोह कटाक्षाने टाळावा. बहुतेक सॉफ्टवेअर फरकाची रक्कम घालून शिल्लक जुळवून द्यायला तयार असतात. ग्नूकॅश या मोफत सॉफ्टवेअरमध्ये न जुळणारी रक्कम 'इम्बॅलन्स' नावाच्या खात्यात जाते. आपल्या जुन्या दिवाणजींचं उचंत खातं हेच. उचंतात टाकलेली रक्कम तात्पुरती असते, तिचं मूळ शोधून ती योग्य खात्यात न्यायची असते. मामांनी त्या दुपारी २५९.३३३ शेअरची एक खोटी खरेदी घातली असती, तर आकडा लगेच जुळला असता. किरकोळ जमेचा अर्थ, पाच ढीग आणि पेटीतले कागद मात्र तसेच राहिले असते आणि विक्रीच्या वर्षी मामांच्या मुलाला उत्तर सापडलं नसतं.

दिवेलागणीला मामांनी नवी वही काढली. पहिल्या पानावर पाच ओळी लिहिल्या: तारीख, मिळालेले शेअर, दिलेले पैसे. चार ओळींत पैशांच्या रकान्यात शून्य होतं. शेवटी बेरीज मांडली, २६६, आणि तिच्यासमोर बारीक अक्षरात लिहिलं, 'पत्रकाशी ताडून पाहिले.'